मुंगूस सातासमुद्रापार

आमच्या इमारतीमागे नाला आहे आणि नाल्याच्या काठाने घाणेरीची जाळी माजलेली आहे. सकाळी आठच्या सुमाराला त्या जाळीतून एक मुंगूस बाहेर येतं. आधी टोकदार नाक दिसतं, मग करड्या केसांचं लांबट अंग. कुंपणाच्या भिंतीला अंग घासत ते पळतं, मधेच मागच्या पायांवर उभं राहून कानोसा घेतं आणि पार्किंगमधल्या गाड्यांखाली दिसेनासं होतं. आई गॅलरीत त्याची वाटच बघत असते. दिसलं की मला हाक मारते, "लवकर ये गं, मुंगूस आलंय!" मुंगूस दिसणं शुभ. तिच्या लहानपणी शाळेच्या वाटेवर मुंगूस दिसलं की मुलं त्याला तोंड दाखवायची गळ घालत, देवाच्या शपथा घालत, आणि त्यानं वळून पाहिलंच तर आज पेपर सोपा जाणार याची खात्री होई. सापाचा वैरी म्हणून शेतकऱ्यालाही ते बांधावर असलेलं बरं वाटतं.

2024 च्या सप्टेंबरमध्ये जपान सरकारनं जाहीर केलं की अमामी ओशिमा नावाच्या बेटावर आता एकही मुंगूस उरलेलं नाही. दोन दशकांहून जास्त काळ तिथं त्यांना पकडायला सापळे लावले जात होते. बातमीचा सूर आनंदाचा होता. मी ती आईला वाचून दाखवली तेव्हा तिचा चेहरा उतरला. "त्या बिचाऱ्यानं कुणाचं काय वाकडं केलं होतं?" तिनं विचारलं.

तिच्या या प्रश्नाला चटकन देता येईल असं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. ते शोधायला मी बसले आणि ऊस, जहाजं, हंस, ससे असं फिरत फिरत शेवटी आपल्याच अंगणात येऊन पोचले. कारण जगभरच्या बेटांवर ज्यांनी धुमाकूळ घातला अशा प्राण्यांच्या यादीत आपल्या ओळखीची तोंडं फार आहेत. मुंगूस आहे, साळुंकी आहे, बुलबुल आहे, कावळा आहे, चितळ आहे, पावसाळ्यातला मोठा बेडूकसुद्धा आहे.

सुरुवात उसापासून करावी लागते. ऊस म्हटला की उंदीर आलाच, हे कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला सांगायला नको. उंदरानं कांडं बुडाशी कुरतडलं की रस आंबतो, ऊस लोळतो आणि तोडणीच्या वेळी वजन भरत नाही. एकोणिसाव्या शतकात कॅरिबियन बेटांवरच्या मळेवाल्यांचं दुखणं हेच होतं. जमैकातल्या डब्ल्यू. बॅनक्रॉफ्ट एस्प्यूट या मळेवाल्यानं 1872 मध्ये कलकत्त्याहून नऊ मुंगसं मागवली, चार नर आणि पाच माद्या. आपल्या नाल्याकाठी दिसतं ते करडं मुंगूस मोठं. कलकत्त्याहून गेलं ते त्याचं धाकटं भावंड, उत्तर भारतात आणि बंगालात आढळणारं लहान मुंगूस. अंगानं छोटं, पण चपळाईत आणि पोटाच्या भुकेत तसूभर कमी नाही.

पहिली काही वर्षं एस्प्यूट खूश होता. उंदीर खरोखर कमी झाले. त्यानं हा प्रयोग लिहून काढला, इतर मळेवाल्यांनी तो वाचला आणि मुंगसाला मागणी आली. थोड्याच वर्षांत कॅरिबियनमधल्या बहुतेक ऊसबेटांवर मुंगसं पोचली, आणि तीही मुख्यतः त्या नऊंची प्रजा. 1883 मध्ये जमैकाहूनच ती हवाई बेटांवर गेली. तिथंही कारण उसाचंच होतं.

ही गोष्ट सांगताना एक वाक्य नेहमी येतं. उंदीर रात्री हिंडतात, मुंगूस दिवसा, तेव्हा दोघांची गाठच पडली नाही आणि मळेवाले मूर्ख ठरले. ते वाक्य ऐकायला छान आहे, पण पुरतं खरं नाही. मुंगसांनी उंदीर खाल्ले, भरपूर खाल्ले. पण उंदीर हा माणसाबरोबर हजारो वर्षं मार खात आलेला जीव आहे. जमिनीवर धोका वाढला तसे काळे उंदीर झाडांवर उंच घरटी करायला लागले, आणि मुंगूस काही झाडावर चढण्यात पटाईत नाही. उंदीर सापडेनात तेव्हा मुंगूस दुसरं काहीतरी शोधू लागलं. बेटावर त्याच्यासमोर काय होतं? जमिनीवर ठेवलेली अंडी. पळून जाणं माहीत नसलेली पिल्लं. सरडे, घोरपडीसारखे इग्वाना, साप. उंदरापेक्षा कितीतरी सोपं जेवण.

हवाईतला नेने घ्या. आपल्याकडच्या आडनावाशी त्याचा संबंध नाही. हा एक रानहंस आहे आणि त्याच्या हळू, अनुनासिक आवाजावरून हवाईच्या लोकांनी त्याला हे नाव दिलं आहे. त्याचे पूर्वज उत्तर अमेरिकेतून उडत आले आणि लाव्हाच्या उतारांवर स्थिरावले. इतर हंसांसारखं पाण्यात राहायची गरज उरली नाही, तेव्हा पायांमधले पडदे कमी झाले आणि खडकावर चालायला बोटं मोकळी झाली. मादी एखाद्या झुडपाखाली जमिनीवर उथळ खळगा करते, त्यात स्वतःच्या छातीची मऊ पिसं अंथरते, दोन-चार अंडी घालते आणि महिनाभर त्यांवर बसून राहते. पिल्लं बाहेर आल्यावर दहा-बारा आठवडे त्यांना उडता येत नाही. आणि याच काळात आईबापांचीही पिसं झडतात, म्हणजे काही आठवडे अख्खं कुटुंब जमिनीला खिळलेलं. ज्या बेटावर जमिनीवरून चालत येणारा एकही शिकारी नव्हता तिथं ही व्यवस्था अगदी ठीक होती. लाखो वर्षं ती चालली. मग माणसाची शिकार, कुत्री, मांजरं, डुकरं आणि त्यावर मुंगूस. 1950 च्या आसपास जगात नेने उरले होते तीसेक.

ते वाचले कसे, हेही पाहण्यासारखं आहे. काही पक्षी इंग्लंडमध्ये पीटर स्कॉट यांच्या स्लिमब्रिजच्या पाणपक्षी केंद्रात नेले गेले, तिथं वाढवले आणि 1960 च्या दशकात हवाईला परत पाठवले. पण ज्या बेटांवर मुंगूस होतं तिथं सोडलेल्या पक्ष्यांची घरटी पुन्हा लुटली जात. काउआई बेटावर मात्र चित्र वेगळं झालं. तिथं मुंगसांची पेटी बंदरावर उतरली, एकानं गोदी कामगाराला चावा घेतला आणि चिडून त्यानं पेटीच समुद्रात फेकली, अशी कथा सांगतात. कथेत किती तथ्य ते असो, काउआईवर मुंगसांनी बस्तान बसवलं नाही एवढं मात्र खरं. 1982 च्या वादळात पाळीव नेनेंपैकी काही मोकळे सुटले, आणि आज नेनेंची सगळ्यात मोठी वस्ती याच बेटावर आहे. पक्षी तोच, हवा तीच. फरक एका प्राण्याचा.

शास्त्रीय भाषेत अशा प्राण्यांना 'आक्रमक परकी प्रजाती' म्हणतात. मला यातला 'आक्रमक' शब्द पचायला जड जातो. आक्रमण करणारा स्वतःहून चालून येतो. मुंगूस पोहत जमैकाला गेलं नाही. त्याला पेटीत घातलं, जहाजात चढवलं, खायला घातलं आणि पलीकडच्या किनाऱ्यावर दार उघडून दिलं. पुढं त्यानं केलं ते एवढंच, की जिवंत राहिलं आणि पिल्लं वाढवली. आईला मी हे सांगितलं तेव्हा तिला थोडं बरं वाटलं.

मग आपल्याकडे तेच मुंगूस उत्पात का करत नाही? कारण आपल्याकडे सगळेच जण एकमेकांना ओळखून आहेत. टिटवीसुद्धा जमिनीवरच अंडी घालते, पण ती अंडी खड्यांच्या रंगाची असतात, आणि मुंगूस लांबून दिसलं तरी टिटवी आरडाओरडा करून सगळं माळरान जागं करते, लंगडल्याचं सोंग करून त्याला भलतीकडे नेते. मुंगसावरही इथं गरुडाचा, कोल्ह्याचा, तरसाचा डोळा असतो. लाखो वर्षांच्या या ओढाताणीतून एक तोल आलेला आहे. महासागरातल्या बेटावर ही शाळाच भरलेली नसते. तिथं पोचले ते उडून किंवा वाहून येऊ शकले तेवढेच. वाघ, कोल्हे, मुंगसं कधी पोचलीच नाहीत. ज्यांच्यामागे कोणी धावत नाही ते धावायचं सोडतात. पंखांना अन्न आणि ताकद लागते, उडायचं कारण उरलं नाही की पंख लहान होत जातात. भीतीसुद्धा खर्चीक असते, तीही हळूहळू विरते. गालापागोसवर डार्विननं बंदुकीच्या नळीनं एका ससाण्याला फांदीवरून ढकललं होतं, इतका तो पक्षी निर्धास्त होता. आणि बेट लहान असल्यामुळे संख्याही कमी. पाचशे जोड्या म्हणजे संपूर्ण प्रजात. पळून जायचं तर चहूकडे समुद्र.

म्हणूनच 2023 साली आंतरराष्ट्रीय जैवविविधता मंच आयपीबीईएसनं जो मोठा अहवाल काढला त्यातला एक आकडा माझ्या मनातून जात नाही. जगातल्या नोंदलेल्या नामशेष प्रजातींपैकी 60 टक्क्यांच्या नाशात बाहेरून आणलेल्या जीवांचा हात होता, आणि ज्यांचा नाश मुख्यतः या जीवांमुळेच झाला अशांपैकी 90 टक्के बेटांवरच्या होत्या.

एक प्राणी आला की एक-दोन पक्षी जातात, एवढ्यावर हे थांबत नाही. प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी सामानातून तपकिरी वृक्षसर्प आला. त्या बेटावर आधी साप म्हणाल तर गांडुळाएवढा आंधळा वाळा तेवढा होता. रात्री झाडावर चढून घरट्यातलं खाणारा प्राणी तिथल्या पक्ष्यांना ठाऊकच नव्हता. काही दशकांत रानातल्या 12 देशी पक्ष्यांपैकी 10 जाती बेटावरून गेल्या. लोकांना आधी वाटलं, कीटकनाशकं असतील, रोग असेल. ज्युली सॅव्हिज या संशोधिकेनं 1980 च्या दशकात साप हेच कारण असल्याचं दाखवून दिलं तेव्हा उशीर झालेला होता. पक्षी गेले तसे त्यांनी खायचे कोळी वाढले. पावसाळ्यात ग्वामच्या रानात शेजारच्या बेटांपेक्षा 40 पटींपर्यंत जास्त जाळी मोजली गेली आहेत. फळं खाऊन बिया लांब नेणारं कोणी नाही, म्हणून बिया आईच्या झाडाखालीच पडतात आणि तिथंच दाटीवाटीनं मरतात. पहाटे तिथं पाखरांचा आवाज येत नाही. जाळी मात्र हातानं बाजूला करत चालावं लागतं.

आता आईच्या प्रश्नातल्या अमामी बेटाकडे येते. जपानच्या दक्षिणेला, ओकिनावाच्या वरच्या बाजूला हे डोंगराळ, दमट रानाचं बेट आहे. तिथला सर्वांत धोकादायक प्राणी म्हणजे हाबू, आपल्या घोणसाच्या नात्यातला जहाल विषारी साप. ऊसतोडणी करणाऱ्यांना तो चावे. ओकिनावात 1910 मध्ये शोझाबुरो वातासे या नामांकित प्राणिशास्त्रज्ञानं हाबू आणि उंदरांवर उपाय म्हणून गंगेच्या मुखाकडची मुंगसं आणून सोडली होती. 1979 मध्ये त्यांच्याच वंशातली तीसेक मुंगसं अमामीवर सोडण्यात आली. हाबू रात्रीचा साप. इथं मात्र दिवसरात्रीची ती गोष्ट बरीचशी लागू पडली, आणि मुंगसांचं लक्ष वेगळ्याच जिवांकडे गेलं.

अमामीच्या रानात एक काळा ससा राहतो. अमामी आणि शेजारचं तोकुनोशिमा सोडलं तर जगात तो कुठंच नाही. आखूड कान, आखूड पाय, लांब नखं. तो आजच्या सशासारखा दिसत नाही, कारण एके काळी आशियात पसरलेल्या जुन्या सशांचा तो शेवटचा वारस आहे. त्याची पिल्लं वाढवायची रीत मला फार हलवून गेली. मादी आपल्या बिळापासून दूर, पिल्लासाठी वेगळं बीळ खणते. बहुधा एकच पिल्लू. त्याला आत ठेवते आणि बिळाचं तोंड मातीनं लिंपून बंद करते, पायांनी थापटून थापटून, वर पालापाचोळा ओढते. मग निघून जाते. दोन रात्रींनी परत येते, माती उकरते, पिल्लाला काही मिनिटं दूध पाजते आणि पुन्हा तोंड बंद करून जाते. हा सगळा बंदोबस्त हाबूसाठी. सापाला बीळ सापडू नये म्हणून. दिवसाउजेडी नाक जमिनीला लावून हिंडणाऱ्या, नखांनी माती उकरणाऱ्या प्राण्यासाठी त्यात काही सोय नव्हती, कारण तसा प्राणी तिथं कधी आलाच नव्हता.

2000 च्या आसपास बेटावर मुंगसांची संख्या दहा हजारांच्या घरात गेली असावी असा अंदाज होता. जिथं जिथं ती पसरली तिथून ससे, झाडांवरचे लांब केसांचे उंदीर, सोनेरी ठिपक्यांचे हिरवे बेडूक मागं हटले. सरकारनं निर्मूलनाची मोहीम हाती घेतली आणि 2005 मध्ये खास तुकडी उभी राहिली, 'अमामी मुंगूस बस्टर्स'. स्थानिक माणसं, रान पायाखालचं असलेली. हजारो सापळे लावायचे, तेही असे की त्यात देशी उंदीर सापडू नयेत, मग ते एकेक तपासत डोंगर चढायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा. संख्या कमी होत गेली तसं काम अवघड होत गेलं. दहा हजारांतलं एक पकडणं सोपं, शेवटच्या दहांतलं एक पकडणं कठीण. तेव्हा वास हुंगणारी कुत्री आणली, कॅमेरे लावले. 2018 च्या एप्रिलमध्ये सापळ्यात एक मुंगूस सापडलं. त्यानंतर एकही नाही. तरी सहा वर्षं शोध चालू ठेवला आणि मग ती 2024 ची घोषणा झाली. सगळी मिळून 32 हजारांच्या आसपास मुंगसं मारली गेली होती.

हा आकडा मी आईला सांगितला नाही. नंतर वाटलं, सांगायला हवा होता. कारण या कामात जे लोक होते त्यांनीही तो लपवला नाही. त्यांना मुंगसाचा राग नव्हता. 1979 मध्ये ती तीसेक मुंगसं सोडली नसती तर 32 हजार जीव जन्मालाही आले नसते आणि मारावेही लागले नसते. मी स्वतः मुंगीवरसुद्धा पाय पडू नये म्हणून जपणारी, पण या बाबतीत बराच विचार करून माझं मत त्या तुकडीच्या बाजूनं झालं आहे. मुंगूस भारतात, बंगालात, नेपाळात सुखानं नांदतं आहे. काळा ससा दोनच बेटांवर आहे. दोघांनाही एकाच रानात राहू द्यायचा पर्याय तिथं उरलेला नव्हता. आता अमामीच्या रस्त्यांवर रात्री गाडी हळू चालवा, ससे आडवे येतात, अशा पाट्या आहेत. ससे इतके वाढलेत की गाड्यांखाली सापडतात, ही आता तिथली नवी काळजी.

मुंगसाच्या तावडीतून वाचलेल्यांमध्ये दोघांची नावं घेतल्याशिवाय पुढं जाववत नाही. अँटिग्वा बेटावरचा एक निरुपद्रवी साप मुंगसांमुळे मोठ्या बेटावरून पार पुसला गेला. 1990 च्या दशकात शोधला तेव्हा ग्रेट बर्ड आयलंड नावाच्या चिमुकल्या बेटावर पन्नासेक उरले होते. तिथले उंदीर हटवल्यावर आणि आसपासच्या बेटांवर नेऊन सोडल्यावर आज ते हजाराच्या वर आहेत. आणि जिथून ही गोष्ट सुरू झाली त्या जमैकातला इग्वाना. 1940 च्या दशकानंतर तो संपलाच असं सगळे धरून चालले होते. 1990 मध्ये रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या माणसाच्या कुत्र्यानं हेलशायर टेकड्यांमध्ये एक जिवंत इग्वाना पकडून आणला. तेव्हापासून किंग्स्टनच्या होप प्राणिसंग्रहालयात त्याची पिल्लं वाढवतात आणि मुंगसाच्या तोंडी मावणार नाहीत एवढी झाली की रानात सोडतात.

साळुंकीची गोष्ट मुंगसाहून जुनी आहे. तिच्या शास्त्रीय नावातलं पहिलं पद ॲक्रिडोथेरिस, म्हणजे टोळ मारणारी. याच गुणासाठी अठराव्या शतकात फ्रेंचांनी तिला भारतातून मॉरिशस आणि रियुनियनला नेलं. एखादी कीड मारायला परदेशातून मुद्दाम प्राणी आणण्याच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी हा एक. पुढं एकोणिसाव्या शतकात कोकणातून गिरमिटिया मजूर ऊस तोडायला मॉरिशसला गेले, त्यांचे वंशज तिथं आजही मराठी म्हणून ओळखले जातात. त्या माणसांना अनोळखी किनाऱ्यावर उतरल्यावर घरच्यासारखी पिवळ्या चोचीची, डोळ्याभोवती पिवळी कडा असलेली साळुंकी शेणात किडे वेचताना दिसली असेल. काय वाटलं असेल त्यांना? मला तरी तो प्रसंग डोळ्यांपुढं आला की भरून येतं. तिथल्या पक्ष्यांच्या बाजूनं पाहिलं तर मात्र हीच साळुंकी ढोल्या बळकावणारी दांडगी शेजारीण.

आपल्याकडे ती एसीच्या पाइपाच्या भोकात, पन्हाळीत, कुठंही घर करते. बेटावर जुन्या झाडांच्या ढोल्या मोजक्या असतात. सेशेल्सच्या फ्रेगेट बेटावर आपल्या दयाळाचा एक सख्खा भाऊ राहतो, काळाभोर, पंखावर पांढरा पट्टा. मांजरांनी आणि रानतोडीनं 1960 च्या दशकात तो जेमतेम डझन-दीड डझनावर आला होता, आणि उरलेल्या घरट्यांवर साळुंक्या तुटून पडत. शेवटी फ्रेगेटवरून 2011 पर्यंत आणि डेनिस बेटावरून 2015 पर्यंत सगळ्या साळुंक्या हटवल्या, तेव्हा दयाळाला मोकळीक मिळाली. हवाईत 1865 मध्ये विल्यम हिलेब्रँड या डॉक्टरनं गवतातल्या अळ्यांसाठी भारतातून साळुंक्या आणल्या. त्याआधी काही वर्षं तिथं शोभेसाठी घाणेरी आली होती. साळुंकी घाणेरीची काळी फळं आवडीनं खाते. दोघींनी मिळून हवाईचे उतार व्यापले. आमच्या नाल्याकाठची घाणेरीसुद्धा मूळची अमेरिकेतली, हे मला आता त्या जाळीकडे बघताना दर वेळी आठवतं.

जागतिक निसर्ग संघटना आययूसीएननं जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांची यादी केली आहे. तिच्यात पक्षी फक्त तीन. त्यांतले दोन आपल्या अंगणातले, साळुंकी आणि लालबुड्या बुलबुल. मुंगूसही त्याच यादीत आहे.

हे सगळं परदेशात घडतं असं मी समजत होते, ते अंदमानला जाईपर्यंत. मराठी माणूस अंदमानला जातो तो आधी सेल्युलर जेलसाठी, सावरकरांच्या कोठडीपुढं उभं राहण्यासाठी. दुसऱ्या दिवशी बोटीनं रॉस बेट, म्हणजे आताचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. पडक्या चर्चच्या भिंतींवर वडाची मुळं चढलेली, आणि त्यांच्यामधून अगदी निर्धास्त चितळं हिंडत होती. आमच्या गटातल्या काकूंनी पर्समधलं बिस्किट पुढं केलं, एका मादीनं ते त्यांच्या तळहातावरून अलगद उचललं. सगळ्यांनी फोटो काढले. मीही काढला.

अंदमानात मुळात हरिणच नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत इंग्रजांनी शिकारीच्या हौसेसाठी चितळं आणून सोडली. ताडोब्यात चितळामागे वाघ आहे, बिबट्या आहे, रानकुत्री आहेत. इथं मागे कोणीच नाही. शिवाय चितळ पोहतं, खाडी ओलांडून शेजारच्या बेटावर जातं. रौफ अली यांच्यासारख्या संशोधकांनी वर्षानुवर्षं हिंडून दाखवलं की चितळांच्या चरण्यानं रानाची नवी पिढीच वर येत नाही. मोठी झाडं उभी दिसतात, पण त्यांच्याखाली रोपं नाहीत. खालची झुडपं विरळ झाली की जमिनीलगतचा ओलावा, सावली, लपायच्या जागा जातात, आणि त्यावर जगणारे तिथले खास सरडे कमी होतात. चितळ सरडा खात नाही. तरी सरडा जातो. इंटरव्ह्यू बेटावर तर हत्ती आहेत. लाकूड ओढायला आणलेले, मालक कंपनी 1962 मध्ये बुडाली आणि चाळीसेक हत्ती रानात सोडून दिले गेले. भुकेनं ते झाडांच्या साली सोलतात आणि झाड उभ्याउभ्या वाळतं. हत्तीला दोष तरी कसा द्यावा?

अंदमानात सगळ्यात अलीकडे आला तो बेडूक. पहिल्या पावसात आपल्या भातखाचरांत जो मोठा बेडूक ओरडतो, ज्याचे नर त्या दोन-चार दिवसांत हळदीसारखे पिवळेधमक होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगवतात, तोच हा. गोव्यात पावसाळ्याच्या सुरुवातीला 'जंपिंग चिकन' म्हणून त्याची चोरून शिकार होते आणि ती थांबवायला वनखातं रात्रीची गस्त घालतं. तिथं त्याला माणसापासून वाचवावं लागतं. अंदमानात तो या शतकात पसरला, आणि तोही कुणी हौसेनं आणला म्हणून नाही. मुख्य भूमीवरून रोहू, कटला यांचं मत्स्यबीज येतं, त्यात मिसळून त्याचे बेडूकमासे आले.

या बेडकाचे बेडूकमासे शेवाळ खाऊन राहत नाहीत, दुसऱ्यांचे बेडूकमासे खातात. नित्य प्रकाश मोहंती आणि जॉन मीझी या संशोधकांनी अंदमानच्या स्थानिक बेडकांच्या पिल्लांबरोबर त्यांना एकत्र ठेवून पाहिलं. स्थानिक पिल्लांपैकी एकही वाचलं नाही. तळ्यातून उड्या मारत बाहेर पडलेला मोठा बेडूक मग सरडे, पाली, छोटे बेडूक, जे तोंडात मावेल ते गिळतो.

मत्स्यबीज येतं ते प्राणवायू भरून फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. पिशवी थेट तळ्यात रिकामी केली की पुढं करण्यासारखं फारसं काही उरत नाही. तीच आधी पांढऱ्या उथळ टबात ओतली तर दोन-तीन मिनिटांत दिसतं. माशांची पिल्लं चपट्या अंगानं सळकन एका दिशेला वळतात. बेडूकमासा गोल डोक्याचा, काळपट, शेपूट वळवळत तळाशी रेंगाळतो. चहाच्या गाळणीनं त्याला उचलून वेगळं काढता येतं.